सर मुलींना हात लावत नाहीत

आमचे खेळाचे सर चांगले होते, हे मी आधीच सांगून टाकते. ते वाईट असते तर ही गोष्ट एवढी वर्षं माझ्या मनात राहिलीच नसती. वाईट माणसाकडून कोणी काही मागत नाही, त्यामुळे तो फसवूही शकत नाही.

आमचं गाव लाखांदूरच्या रस्त्याला, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आमचा मोहल्ला बौद्धांचा, गावाच्या कडेला, तलावाच्या पाळीखाली. बाबा थोडी शेती करायचे आणि बाकी दिवस दुसऱ्यांच्या बांधीत जायचे. आई बिड्या वळायची. शाळेत मी जायचे ते पळतच. उशीर झाला म्हणून नव्हे, मला चालायला आवडायचंच नाही. आणीबाणी उठली त्या सुमारास आमच्या शाळेत हे नवे सर आले आणि त्यांनी मला पळताना पाहिलं.

तोवर शाळेत खेळायची ती मुलं. कबड्डीत ती अंग खरचटून घ्यायची आणि आम्ही मुली व्हरांड्यातून बघायचो. सरांनी आल्या वर्षीच मुलींचा खो-खोचा संघ काढायचं ठरवलं. मुरूम टाकून मैदान केलं, दोन खांब रोवले आणि घरोघरी फिरून मुली मागितल्या. आमच्याही घरी आले. मास्तर आपल्या मोहल्ल्यात आले म्हणून शेजारपाजारचे लोक दाराशी गोळा झाले. आईने बिड्यांचं सूप बाजूला सारलं आणि खाट झटकली.

"नाही, बसत नाही, घाईत आहो," सर म्हणाले. आई पाणी घेऊन आली तर म्हणाले, "आज उपास आहे माझा. निर्जळी."

मग बाबांना म्हणाले, "तुमच्या पोरीसारखी खांबाले वळसा मारनारी पोरगी मी पाहिली नाही. तिले खेळू द्या. बाकी माझी जबाबदारी."

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. पाण्याच्या गडव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, गावातल्या पोरींसंग बसवान का तिले?"

"खेळात जात नसते," सर म्हणाले.

आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. खो-खोत ओळीने बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावूनच खो द्यावा लागतो. गावातल्या दोन-तीन घरांनी यावर हरकत घेतली. आमच्या मुलीच्या पाठीला त्या मोहल्ल्यातल्या मुलीचा हात नको, असं सरळ शाळेत येऊन सांगितलं. सर त्यांच्याशी भांडले. मुख्याध्यापकांच्या खोलीत एवढ्या मोठ्याने बोलत होते की आम्हाला वर्गात ऐकू येत होतं. "मग तुमच्या पोरी घरी ठेवा. मी हिले काढनार नाही." शेवटी त्या मुली राहिल्या आणि मीही राहिले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या माझ्या पाठीला हात लावून ओरडायच्या आणि मी त्यांच्या. माझं वय तेव्हा चौदाच्या आसपास असेल. मला वाटलं होतं, जगातली ती एक गोष्ट आता संपली.

संघाची कप्तान गावातल्या एका शेतकऱ्याची मुलगी होती. खो-खोच्या ओळीत ती माझ्या शेजारच्याच चौकोनात बसायची. लवकरच माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. माझ्या डब्यातली जवसाची चटणी खाऊन टाकायची आणि मला आपल्या डब्यातली वडी द्यायची. मैदानावर तिला नुसत्या डोळ्याने सांगितलं तरी कळायचं, मी कुठे वळणार.

सरांकडे एक पत्र्याची पेटी होती. त्यात क्रेप बँडेज, आयोडीन, कापूस, तेलाची बाटली आणि एक उग्र वासाचा मलम. खेळाच्या दुखापतींचं ते कुठेतरी शिकून आले होते आणि त्यांच्या हाताला खरोखर गुण होता. कबड्डीतल्या मुलाचा पाय मुरगळला की सर मातीतच मांडी घालून बसायचे, त्याचा पाय मांडीवर घ्यायचे, बोटांनी चाचपत कुठे दुखतं ते शोधायचे आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत त्याला पट्टी बांधून द्यायचे. पोरगा लंगडत आलेला असायचा तो हसत जायचा.

त्या हिवाळ्यात खांबाला वळसा घेताना माझा उजवा पाय आत वळला. काडकन आवाज आला असं मला वाटलं. मी तिथेच बसले. मैत्रीण धावत आली. सर पण आले, पण चार पावलांवर थांबले. त्यांनी पेटीतून क्रेप बँडेजची गुंडाळी काढली आणि माझ्याकडे फेकली. ती माझ्या मांडीवर पडली.

"खालून गुंडाळत आन. टाचेवरून घे. घट्ट कर, अजून घट्ट."

मी गुंडाळू लागले.  पट्टी निसटून जात होती. मी सरांकडे पाहिलं.

"पोरींच्या अंगाले मी हात लावत नाही," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "पोरीची जात आहे. तुझ्या बापानं विश्वासानं पाठवली तुले. घरी जाऊन आईच्या हातानं हळद-चुन्याचा लेप लावून घेजो."

मला त्या दुखण्यातही बरं वाटलं. अभिमान वाटला, असंच म्हणते. परक्या पुरुषाने अंगाला हात लावायचा म्हटलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, आणि हे सरांना न सांगता कळलं होतं. घरी येऊन मी आईला हे सगळं रंगवून सांगितलं. आई म्हणाली, "देवमानूस आहे बाई." बाबा बिडी ओढत ऐकत होते. ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.

लेपाने सूज उतरली, पण पूर्ण नाही. सरांनी लांबूनच सांगितलं, "चालून दाखव." मी दात दाबून सरळ चालून दाखवलं. "बरा झाला," ते म्हणाले. त्यानंतर कधी पाय दुखला की मीच पेटीपाशी जायचे, सर पट्टी पेटीच्या झाकणावर ठेवायचे, मी उचलायचे आणि बांधायचे. सगळ्यांसमोर ते माझं कौतुक करायचे. "हिच्यापासून शिका. आपली काळजी आपन घेते." मी चुकीचीच बांधत असणार, कारण संध्याकाळी बोटं निळसर व्हायची. पण कोणी जवळून बघितलंच नाही तर ते सांगणार कोण?

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांसाठी सराव सुरू झाला. संघात एक नवी मुलगी आली होती. गावात तांदळाची गिरणी टाकलेल्या व्यापाऱ्याची. गोरी, नाजूक, पण चपळ. एके दिवशी सूर मारताना ती पडली आणि तिचा घोटा दुखावला. फारसं काही नव्हतं. उभं राहता येत होतं तिला. मी तेव्हा मैदानाच्या कडेला बसून माझ्या घोट्याला पट्टी गुंडाळत होते आणि मैत्रीण माझ्या बाजूला होती.

सर धावत गेले. मातीत बसले. तिचा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्याने हळूहळू दाबत विचारलं, "इथं? इथं का?" मलम चोळला. पट्टी तळपायाखालून घेतली, घोट्यावरून तिरपी नेली, परत खाली आणली. किती सुंदर बांधली होती. मी बघतच राहिले.

माझ्या पहिल्यांदा काही लक्षातच आलं नाही. मला वाटलं, सर विसरले. मी मैत्रिणीला म्हटलं, "सर तर पोरींले हात नाही लावत ना वो?"

ती मुरुमातले खडे उचलून उचलून फेकत राहिली.

"सांग ना वो. काहून गप्प आहेस?"

"आमाले लावतात," ती म्हणाली. "मागच्या साली माझा घोटा सुजला होता तं रोज आमच्या घरी येऊन मालिश करत, पट्टी बांधून देत होते."

"मंग मले?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुले समजते ना आता. मले कायले इचारतेस?"

"तुले माहीत होतं?"

"सगळ्याइले माहीत आहे. तुले वाईट वाटन म्हनून कोनी सांगितलं नाही."

आठवतं, त्या क्षणी मला सरांचा राग आला नाही. राग आला तो तिचा. सर मला जे सांगत होते ते खोटं आहे हे ती रोज बघत होती, आणि मी त्यांचे गोडवे गायचे तेव्हा मान हलवत होती. मी घरी सांगायचे तसं तिलाही कितीदा सांगितलं होतं, सर किती सभ्य आहेत म्हणून. ती "हो ना" म्हणाली होती. मी बाकीच्या मुलींकडे पाहिलं. त्या सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर माझ्या पाठीला हात लावत होत्या आणि हे पोटात ठेवून होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सराव सुरू व्हायच्या आधी सरांसमोर गेले. खाली बसले आणि पाय पुढे केला.

"सर, पट्टी बांधून द्या."

मुली ओळीत बसत होत्या, त्या थांबल्या. सरांनी पेटी उघडली, पट्टी काढली, ती झाकणावर ठेवू लागले.

"मले जमत नाही बांधाले. तुमी बांधून द्या. काल तिले दिली तशी."

सरांचा चेहरा लाल झाला. रागाने नाही, हे मला दिसत होतं. ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाह्य, मी तुले संघात घेतलं. गावाशी भांडलो. अजून भांडन. पन माझ्या घरी म्हातारी आई आहे. तिले मी शब्द देऊन आहो. तू समजदार पोरगी आहेस. एवढं समजून घे."

मग त्यांनी मैत्रिणीला हाक मारली. "तू बांधून दे तिले."

ती आली. माझा पाय तिने मांडीवर घेतला. पट्टी तळपायाखालून घेतली, घोट्यावरून तिरपी नेली. थेट सरांसारखी. ते बांधणं तिच्या पायाने शिकलेलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी पाय ओढून घेतला आणि पट्टी सोडून टाकली.

खेळ मात्र सोडला नाही. आज वाटतं सोडायला हवा होता. पण तेव्हा माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

सामने भंडाऱ्याला होते. आम्ही एसटीने गेलो, पत्र्याची पेटी सरांच्या मांडीवर होती. उपांत्य सामन्यात मी बराच वेळ टिकले. लोक टाळ्या वाजवत होते. मग त्याच पायावर वळले आणि तो खालून निघूनच गेल्यासारखा झाला. मी पडले तेव्हा माझा स्कर्ट वर गेला होता आणि मला तो खाली ओढताही येईना.

आमचे सर कडेला उभे राहिले. माझ्याकडे धावली ती एक अनोळखी बाई. पलीकडच्या संघाबरोबर आली होती, त्यांची प्रशिक्षक. पुण्याकडची असावी, बोलण्यावरून तसं वाटलं. तिने आधी आपल्या मुलींना हाक मारून एक चादर मागवली आणि दोघींना ती आडवी धरायला लावली. मग माझ्या डोक्याशी बसली.

"मी तुझा पाय बघू का? हात लावावा लागेल. नको असेल तर नको म्हण."

मला हे कोणी विचारलं नव्हतं. हात लावणारेही न विचारता लावायचे आणि न लावणारेही न विचारता. मी मान डोलावली.

"कसं दुखतंय?"

"ठनकते," मी म्हटलं.

"ठणकतं म्हणजे थांबून थांबून, की एकसारखं? मला तुमच्याकडचे शब्द नीट कळत नाहीत, म्हणून विचारते."

मी सांगितलं. तिने बोटं फिरवली. एका जागी दाबताच मी ओरडले. तिथे तिची बोटं थांबली. तिने पुन्हा चाचपलं आणि म्हणाली, "इथं आधी काहीतरी झालेलं आहे. हे आजचं नाही. तेव्हा कोणी बघितलं नव्हतं का?"

"नाही."

"का?"

मी चादरीच्या वरून सरांकडे पाहिलं. तेव्हा ते पुढे आले. बाईंना म्हणाले, "मॅडम, त्याचं असं आहे, हिच्या समाजात मुलीच्या अंगाला परक्या माणसाने हात लावलेला चालत नाही. त्यांच्या रीतीचा मान ठेवावा लागतो. मी कधी जबरदस्ती केली नाही."

पाय तुटला होता, पण ते मी विसरले. माझ्या समाजात. आमच्या रीतीचा मान. त्यांच्या घरचं सोवळं त्यांनी उचललं आणि माझ्या अंगावर टाकलं, आणि वर स्वतः भले ठरले. आईला दिलेल्या शब्दाचं मी कसंबसं समजून घेतलंही असतं. त्यांच्या आईला मी पाहिलं नव्हतं, पण म्हाताऱ्या बाया कशा असतात ते मला माहीत होतं. हे मात्र त्यांना कोणत्याही म्हातारीने शिकवलेलं नव्हतं. हे त्यांनी तिथल्या तिथे केलं, एका अनोळखी बाईसमोर चांगलं दिसावं म्हणून.

बाईंनी त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. त्यांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी हात मागे घेतला. पण मग माझ्याकडे वळून विचारलं, "असं आहे का गं?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्यात असं काही नाही. सर बाकी पोरींले पट्टी बांधून देतात. मले फेकून देतात."

 बाईंनी दोन लाकडी पट्ट्या लावून माझा पाय बांधला आणि मला उचलायला स्वतः एका बाजूने हात दिला. दुसऱ्या बाजूने माझी मैत्रीण आली. ह्या वेळी मी तिला नको म्हटलं नाही. म्हणण्याचं त्राण नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. जुनी चीर होती, धड न जुळलेली, आणि तिच्याच बाजूने आता हाड तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा आले. प्लास्टरकडे बघत खाटेशी बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील.

"मले तं तेव्हाच समजलं होतं," बाबा म्हणाले. "त्यानं पानी नाही घेतलं तेव्हाच."

"मंग तुमी मले काहून नाही सांगितलं?"

"तुले खेळाले भेटून राहिलं होतं, बाई. मी सांगितलं असतं तं तू त्याच्याकडे तशी पाहिली नसतीस. अन् मंग तू खेळली नसतीस."

मी भिंतीकडे तोंड केलं. ते खरंच बोलत होते, माझ्या भल्यासाठीच गप्प बसले होते. मैत्रीणही माझ्या भल्यासाठीच गप्प बसली होती. सगळ्यांनी मिळून माझं एवढं भलं केलं होतं की खरं माहीत नसलेली मी एकटीच उरले होते.

मी परत स्पर्धेत उतरले नाही. पाय जुळला, पण घोटा जाड राहिला आणि वळताना अडू लागला. मैत्रीण काही महिने घरी येत राहिली. आम्ही बोलायचो, अभ्यासाचं, धानाचं, कोणाच्या लग्नाचं. ती गोष्ट कधी निघाली नाही. पुढे लग्न होऊन ती शहापूरला गेली. मला वाटतं दोघींनाही सुटल्यासारखं झालं.

मी मॅट्रिक झाले आणि पुढे खेळाचंच शिक्षण घेतलं. लंगडणाऱ्या मुलीने हे काय घेतलं म्हणून लोक हसले. साकोलीजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. माझ्या मैदानावर गोंडांच्या मुली होत्या, ढिवरांच्या होत्या, एक-दोन मुसलमानांच्या होत्या. कोणाला काय चालतं हे मला पुष्कळदा माहीत नसायचं. मी विचारायचे. एकदा एक मुलगी म्हणाली, रोजा आहे, गोळी घेणार नाही. दुसरीने गंडा बांधलेल्या दंडाला हात लावू नका म्हणून सांगितलं. त्यात अवघड काही नव्हतं. दोन वाक्यांचा वेळ लागायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा सर निवृत्त झाले. जुन्या शाळेने सत्कार ठेवला आणि मला बोलायला बोलावलं, कारण त्यांच्या विद्यार्थिनींपैकी खेळाची शिक्षिका झालेली मीच होते. मी गेले. माझ्या आधी बोलणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं, खेळात जात नसते असं म्हणणारा हा माणूस होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "हे खरं आहे. सर माझ्यासाठी गावाशी भांडले. ते भांडले नसते तर मी आज इथं उभी नसते. आणि माझा पाय मोडलेला असताना त्यांनी त्याला कधी हात लावला नाही, हेही खरं आहे. ते त्यांनी भंडाऱ्याला माझ्या समाजाच्या रीतीवर ढकललं."  सभागृहात कोणीतरी खोकलं. सूत्रसंचालक म्हणाले, "मॅडम भावुक झाल्या," आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

चहाच्या वेळी सर माझ्याकडे आले. केस पांढरे झाले होते, गळ्यात हार तसाच होता. मी मनाची तयारी केली होती. ते रागावतील, नाकारतील, कदाचित माफी मागतील. तिन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"बाई," ते म्हणाले, "तू भंडाऱ्याचं काय सांगून राहिली होतीस? मले काही आठवत नाही वो. खरंच नाही आठवत."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते खोटं बोलत नव्हते.

"तुझा पाय कोनता होता?" त्यांनी विचारलं.

मी कप खाली ठेवला, त्यांना नमस्कार केला आणि साकोलीची गाडी पकडायला स्टँडकडे निघाले.